जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचंय? कागदांपासून पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत सगळं

गावाकडे अजून बऱ्याच घरांत महिंद्राची जुनी सीजे-३बी उभी असते, फोर बाय फोरचा लिव्हर जागेवर, चॅसिस ठणठणीत, बॉडी ठोकून सरळ करण्यासारखी, फक्त पेट्रोल इंजिन दमलेलं. मग कोणीतरी सांगतं की डीआय, म्हणजे महिंद्राचं डिझेल इंजिन, बसवून टाक, सगळे तेच करतात, आणि महिन्याभरात ती जीप गॅरेजच्या कोपऱ्यात बोनेट काढून उभी राहते ती वर्ष-दीड वर्ष तशीच. बहुतेक वेळा कारण एकच असतं, इंजिन आधी विकत आणलं जातं आणि मापं नंतर घेतली जातात. इंजिन चॅसिसमध्ये उतरवणं हे एका दिवसाचं काम आहे हो, वेळ आणि पैसा जातो तो इंजिनच्या मागे आणि खाली जे असतं त्यात, म्हणजे हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कवच), गिअरबॉक्स, जॉइंट, क्राउन-पिनियन (ॲक्सलच्या डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी). म्हणून इथे क्रमही तोच ठेवलाय: आधी कागद, मग गणित, मग मापं, आणि इंजिन त्यानंतर.

आणि अजून एक. जीपमध्ये मूळचं हरिकेन इंजिन असेल, २१९९ सीसीचं, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं, आणि ब्लॉकला क्रॅक नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की बोअर-पिस्टन करून तेच चालवा. महिन्यातून दोनदा शेतावर जाणाऱ्या गाडीला डिझेलचा खर्च कधीच वसूल होत नाही. रोज घाट चढायचाय, ट्रॉली ओढायचीय, दिवसभर लो गिअरमध्ये डोंगरात फिरायचंय, तर मात्र डिझेलला अर्थ आहे.

आधी आरटीओ

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलंय. इंजिन नंबर, सीसी आणि इंधन, हे तिन्ही आरसीवर असतात आणि इंजिन बदललं की तिन्ही बदलू शकतात. आरसीवर पेट्रोल असेल आणि तुम्हाला डिझेल करायचं असेल तर आजच्या घडीला परवानगी मिळणं कठीण आहे, त्यामुळे आरटीओत लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या आणि तोवर एक रुपयाही खर्च करू नका. "होऊन जाईल, मी बघतो" असं सांगणाऱ्या एजंटच्या भरवशावर तर अजिबात नको.

जीप मुळातच डिझेलची असेल, म्हणजे सीजे-३४० डीपी किंवा एमएम ५४० डीपी, कारखान्यातून प्यूजो इंजिन घेऊन आलेली, आणि तिच्यात महिंद्राचंच दुसरं डिझेल बसवायचं असेल तर मामला बराच सोपा होतो, कारण इंधन तेच राहतं आणि कंपनीही तीच. परवानगी आणि आरसीवर नोंद तरीही लागतेच. म्हणून ज्यांनी अजून जीपच घेतलेली नाही त्यांना माझा सल्ला की आरसीवर डिझेल लिहिलेली जीप शोधा, दहा-वीस हजार जास्त गेले तरी चालतील. खालची सगळी कामं तिलाही लागू आहेत, फक्त टाकी, वायरिंग आणि वायपरची कटकट वाचते.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यावेळी इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतो, आणि नोंद नसलेलं इंजिन तिथे हमखास पकडलं जातं. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही तेच बघतो. महाराष्ट्रात जुन्या गाडीचा पर्यावरण कर डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे आणि दिल्ली-एनसीआरमध्ये तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या (एनजीटी) २०१५ च्या आदेशापासून बंधनं आहेत, तिकडे गाडी न्यायचा विचार असेल तर हेही डोक्यात ठेवा.

इंजिन विकत घेताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची आरसी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स मागा. भंगारवाला कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर इंजिन कितीही चांगलं वाजत असलं तरी सोडून द्या.

कुठलं इंजिन

महाराष्ट्रात सहज मिळणारी आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही सापडणारी तीन इंजिनं आहेत. पहिलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, ९० मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि ८३ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल). दुसरं त्याचंच मोठं भावंड एक्सडी३पी, २४९८ सीसी. तिसरं महिंद्राचं स्वतःचं डीआय, २५२३ सीसी, ८८.९ बोअर आणि १०१.६ स्ट्रोक, हे मूळचं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनावरून आलेलं.

बोअर-स्ट्रोकचे आकडे मुद्दाम दिले कारण सगळा स्वभाव त्यात आहे. प्यूजोचा स्ट्रोक आखूड, ते फिरतं, चार हजार आरपीएमपर्यंत आरामात जातं, हलकं आहे, पण त्यात प्री-चेंबर आहे म्हणून सकाळी हीटर प्लग लागतात आणि हेड अल्युमिनियमचं असल्यामुळे एकदा जोरात गरम झालं की हेड वाकतं. डीआयचा स्ट्रोक लांब, खालून ओढ जबरदस्त, घाटात तिसऱ्यावर टाकलं की गिअरला हात लावायची गरज नाही, पण तीन हजार दोनशेच्या आसपास ते संपतं. त्याचं जुनं नावच एमडीआय ३२००. वजनाला जड, आवाजाला मोठं, डिझेलला कमी. हायवेवर जास्त फिरणार असाल तर प्यूजो घ्या, घाट आणि शेत असेल तर डीआय. मी स्वतः कोणी विचारलं तर डीआयच सांगतो, कारण ते कोणत्याही गावातला ट्रॅक्टर मिस्त्री उघडून बांधू शकतो.

पण म्हणून ट्रॅक्टरचंच इंजिन आणू नका, हे बरेच लोक करतात. ट्रॅक्टरमध्ये इंजिनचा ब्लॉक हाच गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो, त्यामुळे संप (खालचं ऑइलचं भांडं) वेगळा, मागचं हाउसिंग वेगळं, फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन चॅसिसवर टेकतं त्या, जागा वेगळ्या, गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणारा भाग) सेटिंगही वेगळी. स्वस्त म्हणून आणलेलं ते इंजिन शेवटी महाग पडतं. कमांडर, मार्शल किंवा एमएम जीपमधून निघालेलं इंजिन बघा. नवीन सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल डिझेल) इंजिनाचाही मोह होतो, पण त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक ऍक्सिलेटर हे सगळं आणावं लागतं, आणि ते या लेखाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

उंचीचंही बघा. सीजे-३बी चं बोनेट उंच आहे कारण १९५३ मध्ये मूळच्या अमेरिकन जीप कंपनीने, विलीजने, हरिकेन इंजिन बसावं म्हणूनच ते उंच केलं, त्यात डीआय बसतं. त्याआधीच्या बुटक्या बोनेटच्या विलीजमध्ये, म्हणजे युद्धातली एमबी किंवा सीजे-३ए, डीआय टाकायचं म्हणजे बोनेट कापायचं, आणि त्या गाड्या आता इतक्या कमी उरल्यात की त्यांना हात लावू नये असं मनापासून वाटतं.

गणित, जे कोणी करत नाही

पेट्रोल सीजे-३बी च्या दोन्ही ॲक्सलमध्ये साधारणपणे ५.३८ चा रेशो असतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या, क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला ८. हरिकेन चार हजार आरपीएमला ताकद देतं, त्याला हे जमतं. आता त्याच ॲक्सलवर डीआय लावा. ६.००-१६ चा टायर एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर जातो. टॉप गिअर डायरेक्ट धरला आणि इंजिन ३००० वर ठेवलं तर ३००० भागिले ५.३८, म्हणजे चाक मिनिटाला ५५७ फेऱ्या, म्हणजे तासाला ७५ किलोमीटर. त्याच्यापुढे इंजिन नुसतं ओरडणार. लोक इंजिन बसवून झाल्यावर सांगतात की गाडी पळतच नाही, पंप चेक करा, नोझल चेक करा, आणि दोष कुठे असतो तर डिफरन्शियलमध्ये.

४.८८ चा सेट (३९ आणि ८) टाकला की त्याच ३००० वर ८३ किलोमीटर, ४.२७ चा (४७ आणि ११) टाकला की ९५. जुन्या जीपचे ड्रम ब्रेक आणि आखूड व्हीलबेस बघता ८०-८५ च्या वर जायची गरजही नाही, म्हणून डीआयला मी ४.८८ पसंत करतो. त्यात लो गिअरची ताकदही फार जात नाही. हिशोब बघा: टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८, स्पायसर १८ ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) लो २.४६ आणि ॲक्सल ५.३८, गुणाकार ३७. ४.८८ ला तो ३३ च्या पुढे राहतो, ४.२७ ला मात्र २९ वर येतो आणि दगडांतून हळू उतरताना ते जाणवतं.

आपल्या ॲक्सलमध्ये काय आहे ते कागदावर विसंबून ठरवू नका, मोजा. मागचं एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा, न्यूट्रल करा, प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा. शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरला तो तुमचा रेशो. पाच आणि वर थोडं कमी अर्धी फेरी म्हणजे ५.३८, पाचला जरा कमी म्हणजे ४.८८, सव्वाचार म्हणजे ४.२७.

मग हेच पुढच्या ॲक्सलला करा. पुढे आणि मागे एकच रेशो हवा, यात तडजोड नाही. जुन्या जीपांमध्ये मागचा ॲक्सल कधीतरी बदललेला असतो, मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ असंही असतं, टू-व्हीलमध्ये वर्षानुवर्षं कळत नाही आणि ज्या दिवशी चिखलात फोर-व्हील लागतं आणि नंतर कडक रस्त्यावर येतं त्या दिवशी ट्रान्सफर केस नाहीतर पुढचा जॉइंट तुटतो. नवीन सेट घ्यायचा तर दोन्ही ॲक्सलचा एकदमच घ्या. आणि स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो, त्यामुळे क्राउन-पिनियन बदलल्यावर तो चुकीचा वेग दाखवणार, तेवढं लक्षात असू द्या.

इंजिन घेताना

शक्य असेल तर चालू गाडीत असलेलं इंजिन घ्या. थंड असताना स्टार्ट करायला लावा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. ऑइल भरायचं झाकण काढा, धापा टाकत हवा आली म्हणजे बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंग गेल्यात. डिझेलचा कॉम्प्रेशन गेज असणारा मेकॅनिक बरोबर न्या, पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, आणि चारही सिलेंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेड. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा नोझल खराब, तो खर्च परवडतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ते इंजिन बांधायच्या किमतीतच घ्या.

आणि सौदा करताना नुसतं इंजिन मागू नका. फ्लायव्हील, क्लच सेट, बेलहाउसिंग, क्लच फोर्क, गिअरबॉक्स, शक्य असेल तर ट्रान्सफर केससकट, सेल्फ, व्हॅक्यूम पंपवाला आल्टरनेटर, फाउंडेशनच्या पट्ट्या, रेडिएटर, फिल्टरचा सेट, ऍक्सिलेटर केबल आणि स्टॉप केबल. हे सुटे सुटे गोळा करायला गेलात तर इंजिनच्या किमतीइतकाच खर्च होतो, आणि फोर बाय फोर एमएम किंवा कमांडरमधून पूर्ण सेट मिळाला तर पुढचा अर्धा त्रास वाचला.

उतरवण्याआधी मापं

जुनं इंजिन काढायच्या आधी, गाडी सपाट जमिनीवर चारही टायरात सारखी हवा ठेवून उभी करा आणि हे लिहून घ्या: चॅसिसच्या पहिल्या क्रॉसमेंबरपासून फायरवॉलपर्यंत अंतर, क्रँक पुलीच्या मध्यापासून दोन्ही चॅसिस रेलपर्यंतचं अंतर (दोन्ही सारखी असतीलच असं धरू नका, ते मोजलं पाहिजे), पुढच्या ॲक्सलच्या वरच्या कडेपासून संपपर्यंत, ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजपासून पिनियनच्या फ्लँजपर्यंत, गिअर लिव्हर गाडीच्या फ्लोअरमधून कुठे वर येतो ते, आणि स्टीअरिंग बॉक्स इंजिनपासून किती लांब आहे ते. मोबाईलवर फोटो काढा पण आकडे वहीत लिहा.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं माप मागच्या शाफ्टचं. सीजे-३बी चा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट आधीच आखूड आहे. पाच गिअरचा लांब गिअरबॉक्स लावला की ट्रान्सफर केस मागे सरकते, शाफ्ट आणखी आखूड होतो, त्याचा कोन खडा होतो आणि शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस महिन्या-दोन महिन्यांत वाजायला लागतात. म्हणून ८० इंची जीपमध्ये चार गिअरचा बॉक्स आणि बदललेले क्राउन-पिनियन, हेच मला योग्य वाटतं. एमएम ५४० चा व्हीलबेस जास्त आहे, तिथे पाच गिअरचा बॉक्स खुशाल लावा. मूळचा तीन गिअरचा टी-९० मात्र डीआयच्या मागे ठेवू नका, त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता पडायची सोय) नाही आणि डिझेलच्या धक्क्यात रोज चढाला गाडी उचलायची म्हणजे त्या गिअरचे दाते फार दिवस टिकत नाहीत.

हाउसिंग आणि पायलट बेअरिंग

पूर्ण सेट मिळाला असेल तर हा भाग सोडून पुढे जा. एका गाडीचं इंजिन आणि दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स जोडायचा असेल तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते, आणि ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत चांगला लेथ आणि मिलिंग असलेला माणूस बनवून देतो. पण ती नुसती भोकं जुळवून बनवायची गोष्ट नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवा. फ्लायव्हीलवर मॅग्नेटने डायल गेज लावा, त्याची सुई हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. सुई पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर प्लेट परत लेथवर न्या. मग हाउसिंगच्या तोंडावर सुई टेकवून तेच पुन्हा करा, तोंड वाकडं असेल तर तिथे कळतं. ही तपासणी वगळली की क्लच प्लेटचा मधला हब तुटतो, गिअर आपोआप न्यूट्रलला येतात, इनपुट बेअरिंग आवाज करतं, आणि प्रत्येक वेळी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकातल्या छोट्या बेअरिंगमध्ये, किती आत जातं तेही बघा. प्लेटच्या जाडीमुळे शाफ्ट तेवढा मागे सरकतो, मग बेअरिंगमध्ये टोक जेमतेम टेकतं. त्यासाठी लांब बुश बनवून घ्या. क्लच प्लेटच्या स्प्लाइनचे दाते मोजून घ्या आणि प्लेट शाफ्टवर हाताने सहज सरकते का बघा. क्लच फोर्कचा पूर्ण खेळ पेडलने मिळतो का हे गिअरबॉक्स गाडीत चढवायच्या आधी टेबलावरच तपासलं तर उत्तम.

फाउंडेशन

इथे एक युक्ती आहे जी फार कामाची आहे. भंगारातून त्याच इंजिनचा फुटका रिकामा ब्लॉक आणा, त्याला संप, हाउसिंग आणि रिकामी गिअरबॉक्स केस लावा आणि फाउंडेशन त्याच्यावर बसवा. दोन माणसं तो उचलून इकडे-तिकडे करू शकतात, भरलेलं डीआय चेन ब्लॉकला टांगून दहा वेळा वर-खाली करण्यात जो दिवस जातो तो वाचतो.

आधी ट्रान्सफर केस जागेवर बसवा, कारण पुढचा आणि मागचा दोन्ही शाफ्ट तिथून निघतात, आणि मग पुढे येत इंजिनची जागा ठरवा. इंजिन मागे तीन ते पाच अंश उतरतं ठेवा. गिअरबॉक्सकडचा कोन आणि पिनियनचा कोन सारखा हवा, एक अंशाच्या आत, नाहीतर चाळीसच्या वेगाला गाडी थरथरते. मागचा कोन जुळवायला पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर बसवता येते.

आता संप आणि ॲक्सल. जीपचा पुढचा ॲक्सल इंजिनच्या खालीच असतो आणि खड्ड्यात तो वर येतो. संपच्या तळाला, ॲक्सलच्या बरोबर वर, मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवा, मग एका बाजूचं पुढचं चाक जॅकने उचलत न्या जोपर्यंत ॲक्सल बंप रबरला टेकत नाही, नंतर दुसऱ्या बाजूने तेच करा. खाली उतरवून कणीक कापा आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजा. २५ मिमीपेक्षा कमी असेल तर इंजिन वर घ्या किंवा संप बदला, कारण डिझेल इंजिन ऍक्सिलेटर दिला की एका बाजूला झुकतं आणि ते अंतर आणखी कमी होतं. डिफरन्शियलचा गोळा एका बाजूला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची जाडी वेगळी येणार.

फाउंडेशनच्या पट्ट्या आधी नुसत्या टाचून घ्या, सगळं जुळल्यावरच पूर्ण वेल्डिंग. चॅसिसच्या वरच्या-खालच्या फ्लँजला भोक पाडू नका आणि फ्लँजवर आडवं वेल्डिंग करू नका, तिथूनच चॅसिस तडकते. उभ्या बाजूवर मोठी प्लेट लावा, कडा गोल ठेवा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि आल्टरनेटरच्या वायर सोडवा. रबर जाड आणि चांगल्या प्रतीचं घ्या, डीआय आयडलला इतकं हलतं की कडक फाउंडेशनवर डॅशबोर्डचे स्क्रू गळून पडतात. पुढचं वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवावं लागेल, आणि ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर, होज हे सगळं याच वेळी नवीन करा.

डिझेलची लाइन

पेट्रोलच्या टाकीला एकच नळी असते, डिझेलला दोन लागतात, कारण पंप आणि नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत यायला हवं. सीजे-३बी ची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढा, आत पाणी भरून पूर्ण वाफ घालवल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग करू नका, पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, यात माणसं गेलेली आहेत. परतीची नळी टाकीत ओढायच्या नळीपासून लांब सोडा म्हणजे फेस ओढला जात नाही. नळ्या स्टीलच्या घ्या, तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड नकोत, तांबं आणि जस्त डिझेल खराब करतात. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि त्यानंतर बारीक फिल्टर, दोन्ही लावा. पंप आणि नोझल एकदा कॅलिब्रेशनवाल्याकडे बेंचवर लावून आणा, हा खर्च वाचवू नका.

डिझेल इंजिन चावी काढून बंद होत नाही, पंपाचं डिझेल तोडावं लागतं. स्टॉप केबल ओढायची किंवा सोलेनॉइड, पण मी दोन्ही ठेवतो, सोलेनॉइडची वायर जंगलात तुटली तर केबल हाताशी असावी.

थंड ठेवणं, वायरिंग, व्हॅक्यूम

रेडिएटर डिझेल जीपचाच घ्या, पेट्रोलचा घाटात पुरत नाही. पंखा आणि जाळी यांत किमान इंचभर अंतर, आणि पंख्याभोवती श्राउड, नाहीतर पंखा बाजूचीच हवा फिरवत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे सवय आहे ती सोडा, थंड चालणाऱ्या डिझेलचे लायनर लवकर झिजतात आणि धूरही जास्त.

गाडी ६ व्होल्टची असेल तर सगळं १२ व्होल्ट होणार, बल्ब आणि हॉर्नसकट. डिझेलच्या सेल्फला खूप करंट लागतो, बॅटरी मोठी, केबल जाड, आणि इंजिन ते चॅसिस जाड अर्थिंग पट्टी नक्की लावा, ती विसरली तर करंट ऍक्सिलेटर केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून चिकटते. प्यूजो असेल तर हीटर प्लगला वेगळा रिले.

पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, डिझेलमध्ये नसतो. ज्या जुन्या जीपांचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात ते बंद पडणार, त्यांना इलेक्ट्रिक मोटर लावा. ब्रेक बूस्टर लावणार असाल तर त्याचा व्हॅक्यूम आल्टरनेटरच्या मागच्या पंपातून घ्यायचा.

पहिला स्टार्ट

ऑइल, पाणी भरा. स्टॉप केबल ओढून ठेवा आणि ऑइल प्रेशर गेज हलेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा. मग हँड पंपने डिझेल आणा, फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा, मग पंपाची, मग नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल यायला लागलं की आवळा. सैल नटाजवळ बोट नेऊ नका, दाबाखालचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि ती साधी जखम नसते.

स्टार्ट करताना एक माणूस एअर इनटेकजवळ सपाट लाकडी फळी घेऊन उभा हवा. गव्हर्नर अडकला किंवा पंपाचा रॅक चिकटला तर इंजिन वाढतच जातं, चावीने थांबत नाही, तेव्हा स्टॉप ओढायचा आणि तरी ऐकलं नाही तर फळीने हवा बंद करायची. कापड वापरू नका, ते आत ओढलं जातं, आणि हात तर नाहीच.

चालू झालं की लगेच ऑइल प्रेशर, मग डिझेलच्या नळ्या, मग परतीच्या नळीतून डिझेल येतंय का. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल तर पंपाचं टायमिंग बघा.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या ५० किलोमीटरनंतर फाउंडेशनचे, बेलहाउसिंगचे आणि शाफ्टचे सगळे बोल्ट परत आवळा, खडूची खूण करा म्हणजे सैल झालेला लगेच दिसतो. इंजिन बांधलेलं असेल तर ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि डिझेल फिल्टरही, कारण जुन्या टाकीतला गंज याच काळात सुटतो. हेडचे बोल्ट त्या इंजिनच्या पद्धतीप्रमाणे पुन्हा टॉर्क करा, व्हॉल्व्हचा गॅप तपासा. नवीन क्राउन-पिनियन पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबा, डिफरन्शियलला हात लावून बघा, हात ठेवता येत नसेल तर बॅकलॅश (दात्यांमधला मोकळा खेळ) कमी आहे, उघडावं लागेल. फोर-व्हील पहिल्यांदा टाकाल ते मातीवर किंवा वाळूवर, डांबरावर नको, आणि टाकल्यावर सरळ पन्नास मीटर जाऊन लिव्हर सहज मागे येतो का बघा. अडकत असेल तर पुढच्या-मागच्या टायरची हवा आणि साइज तपासा, आणि तरीही अडकला तर दोन्ही ॲक्सलचे दाते परत मोजा.